न आलेला खुनी

रहस्यकथा दुसऱ्याला वाचायला सांगणे हे मोठे अडचणीचे काम आहे. कवितासंग्रहाची शिफारस करताना चार ओळी म्हणून दाखवता येतात. प्रवासवर्णनाची करताना एखादा प्रसंग रंगवून सांगता येतो. रहस्यकथेच्या बाबतीत मात्र ज्या गोष्टीमुळे ती आपल्याला आवडली, नेमकी तीच ओठांबाहेर येऊ द्यायची नसते. म्हणून रहस्यकथांचे शौकीन एकमेकांशी बोलतात ते बहुधा खुणांनी. "वाच म्हणजे कळेल" यापलीकडे त्यांचे समीक्षण जात नाही. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड यांच्यावर ज्या पिढ्या पोसल्या (आणि अर्नाळकरांची हजारांहून अधिक पुस्तके पाहता त्या उपाशी राहिल्या असे कोणी म्हणणार नाही) त्यांना हा शिष्टाचार पक्का ठाऊक होता. वाचनालयातल्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवणारा वाचक हा त्यांच्या लेखी खुन्याहून फारसा बरा नव्हता.

मला ज्या कादंबरीविषयी लिहायचे आहे तिच्या बाबतीत ही अडचण बरीच कमी होते. तिच्या लेखकाने हा शिष्टाचार आरंभीच मोडून टाकला आहे. फ्रीडरिश ड्युरेनमाट हा स्विस नाटककार. जन्म १९२१, मृत्यू १९९०. एका प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाचा मुलगा. एका म्हाताऱ्या श्रीमंत बाईच्या सूडावर त्याने १९५६ साली लिहिलेल्या नाटकाने त्याचे नाव जगभर झाले. त्याआधी, पन्नास सालच्या आसपास, त्याने दोन पोलिसी कादंबऱ्या लिहिल्या होत्या आणि त्या चांगल्या होत्या. १९५८ साली त्याने तिसरी लिहिली. मूळ जर्मन नावाचा अर्थ 'वचन'. इंग्रजीत ती 'द प्लेज' म्हणून मिळते. तिच्या नावाखाली त्याने एक पोटशीर्षक जोडले. त्याचा भावार्थ असा की ही रहस्यकादंबरीच्या आत्म्याच्या शांतीसाठी केलेली प्रार्थना आहे. ज्या घरात आपण दोनदा सुखाने राहिलो, त्याच घराला जाता जाता काडी लावावी, असा हा प्रकार.

आरंभ असा. रहस्यकथा कशी लिहावी या विषयावर व्याख्यान द्यायला एक लेखक कूर या डोंगराळ गावी जातो. श्रोते फार थोडे, कारण त्याच संध्याकाळी त्याच गावात एक विख्यात प्राध्यापक गटेच्या उत्तरायुष्यावर बोलत असतात. (व्याख्यानमालांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे दुःख समजावून सांगायला नको.) रात्री त्याची गाठ झुरिच परगण्याच्या एका निवृत्त पोलीसप्रमुखाशी पडते, आणि दुसऱ्या दिवशी तो गृहस्थ त्याला आपल्या मोटारीतून झुरिचला घेऊन निघतो. वाटेत एका कळकट पेट्रोलपंपावर मोटार थांबते. तिथे बाकावर एक म्हातारा बसला आहे. दाढी वाढलेली, अंगाला दारूचा वास, नजर रस्त्यावर खिळलेली. तो कोणाची तरी वाट पाहतो आहे. मोटार पुन्हा चालू लागल्यावर पोलीसप्रमुख सांगतो, हा माझ्या हाताखालचा सर्वांत बुद्धिमान अधिकारी होता.

म्हणजे डाव फसला हे आपल्याला सुरुवातीलाच कळते. ज्याची तो वाट पाहतो आहे तो आला नाही आणि येणार नाही, हेही कळते. उरते ते एवढेच की तो कोण, आणि का आला नाही. या दोन प्रश्नांची उत्तरे मी देणार नाही. तेवढा शिष्टाचार मी पाळतो.

त्या अधिकाऱ्याचे नाव मातेई. एकटा, कोरडा, दारू आणि तंबाखू यांना न शिवणारा, सहकाऱ्यांत अप्रिय. जॉर्डनच्या सरकारने आपल्या पोलीसदलाच्या नव्या मांडणीसाठी त्याला मागून घेतले आहे आणि तो निघण्याच्या तयारीत आहे. तेवढ्यात झुरिचजवळच्या एका खेड्याबाहेरच्या रानात ग्रिट्ली मोझर नावाच्या लहान मुलीचे प्रेत सापडते. पाऊस, ओला पाचोळा, लाल झगा. ही बातमी तिच्या आईबापांना कोणी सांगायची? कोणीही पुढे होत नाही, तेव्हा मातेई जातो. आई रडत नाही. ती एवढेच विचारते की खुनी तुम्ही शोधून काढाल, असे वचन द्याल का? आपल्या आत्म्याच्या मोक्षाची शपथ घेऊन? मातेई वचन देतो. ड्युरेनमाट इथे सहज, जाता जाता सांगून टाकतो की त्याने वचन दिले ते त्या जागेतून लवकर बाहेर पडता यावे म्हणून. माझ्या मते सगळ्या कादंबरीचे बी या एका बारीकशा गोष्टीत आहे. दुःखाच्या घरातून पाय काढून घेण्यासाठी आपण सगळेच काही ना काही बोलतो. 'काही लागले तर सांगा' म्हणतो, 'मी आहे' म्हणतो. आणि घर सुटले की शब्दही सुटतो. मातेईचा सुटत नाही.

पुढे काय होते ते थोडक्यात सांगतो. प्रेत ज्याला सापडले तो फेरीवाला फॉन गुंटेन. त्याची जुनी एक शिक्षा पोलिसांच्या कागदावर आहे. गावकरी त्याला ठेचायला निघतात. मातेई त्यांना अडवतो, जोराने नव्हे तर प्रश्न विचारून, आणि तो प्रसंग लोकांच्या झुंडीचे मन जाणणाऱ्या लेखकानेच लिहावा असा आहे. पण गावाच्या हातून वाचलेला हा माणूस कचेरीत वाचत नाही. तासन् तास चौकशी चालते, तो शेवटी कबुली देतो आणि कोठडीत गळफास लावून घेतो. प्रकरण मिटले. पोलीस समाधानी, गाव समाधानी. खुनी मिळाला याचा आनंद एवढा असतो की मिळालेला माणूस खुनी आहे की नाही हे पाहायला कोणाला सवड नसते.

मातेई विमानतळावर पोहोचतो, तिथे मुलांचा घोळका पाहतो आणि परत फिरतो. जॉर्डन गेले, नोकरी गेली. त्याच्याजवळ पुरावा म्हणून एकच वस्तू: ग्रिट्लीने शाळेत काढलेले चित्र. त्यात एक फार उंच माणूस आहे, मोटार आहे, एक चमत्कारिक प्राणी आहे आणि साळिंदराच्या पिलांसारखे काहीतरी बारीक बारीक काढलेले आहे. या चित्राचा अर्थ तो कसा लावतो ती पाने मूळातूनच वाचावीत. अस्सल रहस्यकथेचे सुख ज्याला म्हणतात ते तिथे आहे. बुद्धी पायरी पायरीने वर चढते आणि प्रत्येक पायरी पक्की असते. खुनी अमुक रस्त्याने जातो येतो, त्याला अमुक रूपाची मुलगी दिसली की तो थांबेल, एवढे निश्चित झाल्यावर मातेई त्या रस्त्यावरचा पेट्रोलपंप चालवायला घेतो. घर सांभाळायला एक बाई ठेवतो. तिला एक मुलगी आहे, आनमारी. वय, रूप, केस ग्रिट्लीसारखे. तो तिला गोष्टी सांगतो. रस्त्याच्या कडेला खेळू देतो. आणि वाट पाहतो.

आपल्याकडच्या शिकारकथा ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना ही मांडणी ओळखीची वाटेल. मचाणावरच्या शिकाऱ्याचे वैर वाघाशी असते, शेळीशी नसते. शेळीला तो चारा घालतो, पाणी दाखवतो, कदाचित तिच्या पाठीवरून हातही फिरवतो. ती ओरडली नाही तर मात्र त्याला काळजी वाटू लागते. शेळीला काही विचारण्याची सोय नाही असे आपण म्हणतो आणि प्रश्न मिटवतो. आनमारीला विचारण्याची सोय होती. तिच्या आईला तर होतीच. मातेई दोघींपैकी कोणालाही विचारत नाही.

वातावरण हा शब्द पुस्तकांच्या जाहिरातींत फार झिजला आहे, पण इथे तो वापरल्यावाचून गत्यंतर नाही. स्वित्झर्लंड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येतात त्या दिनदर्शिकेवरच्या टेकड्या, गाई आणि स्वच्छ बाके. ड्युरेनमाट त्याच देशातला, त्यामुळे त्याला ती चित्रे काढण्याची गरज वाटत नाही. त्याच्या कादंबरीत पाऊस आहे, चिखल आहे, झाडांवरून ठिबकणारे पाणी आहे. उन्हाळा येतो तोही धुळीचा आणि पेट्रोलच्या वासाचा. सगळे घड्याळासारखे चालणाऱ्या देशात एक माणूस घड्याळ बंद पडल्यासारखा एकाच ठिकाणी बसून राहतो, याचेच भय वाटू लागते. रक्त जवळजवळ कुठेही दिसत नाही. तरी रात्री वाचताना आपण दाराची कडी पुन्हा एकदा पाहून येतो.

आणि मग ते रानातले मोकळे पटांगण येते. आनमारी शाळा बुडवून तिथे एकटी बसते आहे, कोणी जादूगार आपल्याला भेटायला येणार म्हणून वाट पाहते आहे, असे ध्यानात येते. तिच्या हातात कोणीतरी दिलेला खाऊ आहे. मातेईचा तर्क खरा ठरला! तो पोलीसप्रमुखाला कळवतो. झाडांआड पोलीस दबा धरून बसतात. मुलगी ओढ्याकाठी बसून गाणे म्हणते. कोणी येत नाही. दुसरा दिवस, कोणी नाही. असे दिवसांमागून दिवस. शेवटी या वरिष्ठ, सभ्य, कायद्याच्या माणसांचा धीर सुटतो. ते झुडपांतून बाहेर येतात, त्या पोरीवर ओरडतात, तिला गदागदा हलवतात, मारतात. जिला वाचवायला आले तिलाच मारतात, कारण तिला मारायला यायचा तो आला नाही.

ही पाने वाचताना माझ्या मनात काय चालले होते? तो यावा, असे वाटत होते. आज यावा, या पानावर यावा. म्हणजे एका लहान मुलीकडे, रानात, तिचा खुनी वस्तरा घेऊन यावा अशी इच्छा मी आरामखुर्चीत बसून करत होतो. पोलीस झाडांआड आहेत, ते तिला काही होऊ देणार नाहीत, हा विचार इच्छेच्या मागून आला, पुढे नव्हता. हे केवळ माझ्याच स्वभावाचे वैगुण्य असते तर लिहिण्याजोगे नव्हते. पण ज्यांना ज्यांना मी ही कादंबरी दिली त्या सर्वांनी, विचारल्यावर, हेच सांगितले. त्यांत दोघी शिक्षिका आहेत. ज्या भुकेने गावकरी फेरीवाल्याच्या मागे धावले, ज्या भुकेने पोलिसांनी त्याची कबुली गोड मानून घेतली, तीच भूक घेऊन आपण रहस्यकथा उघडतो. गोष्टीला शेवट हवा. तो कोणाच्या अंगावर पडतो हे नंतर पाहू.

वचनासाठी मूल पणाला लावण्याची कथा आपल्याला नवी नाही. श्रियाळ आणि चांगुणा अतिथीला दिलेल्या शब्दासाठी पोटच्या चिलयाला उखळात कांडतात; कीर्तनात ही कथा लागली की आजही माजघरातून हुंदके ऐकू येतात. हरिश्चंद्र शब्दासाठी तारामती आणि रोहिदास यांना विकतो. दशरथाचा शब्द रामाला चौदा वर्षे वनात धाडतो. पहिल्या दोन कथांत शेवटी देव प्रकट होतो. चिलया हाकेसरशी धावत येतो, रोहिदास उठून बसतो, आणि वचन पाळणारा धन्य होतो. लहानपणी ऐकताना मला त्या देवाचा आनंद होई. मोठेपणी असे वाटू लागले की देव येतो म्हणून आपण एक प्रश्न विचारायचे विसरतो. चिलया परत आला नसता, तर चांगुणेला आपण काय म्हणालो असतो? ज्या कृत्याचे भलेपण शेवटच्या ओवीत देव येण्यावर टांगलेले आहे, ते देव येण्याच्या आदल्या क्षणी कसे होते?

ड्युरेनमाटच्या कादंबरीत देव येत नाही. तिथे येतो तो योगायोग, आणि तोही अगदी क्षुद्र, रोज कुठेतरी घडणारा. त्याने तो मुद्दाम तसा निवडला आहे. कादंबरीतला पोलीसप्रमुख लेखकाला सुनावतो ते याच मुद्द्यावर: तुम्ही लोक योगायोगाला दाराबाहेर उभे करता, म्हणून तुमचे गुप्तहेर जिंकतात.

या कादंबरीचा जन्म पाहिला तर हे अधिक स्पष्ट होते. ड्युरेनमाटने आधी लिहिली ती चित्रपटाची कथा. मुलांवरच्या अत्याचारांविषयी आईबापांना सावध करावे, या हेतूने निर्मात्याने ती मागितली होती. १९५८ साली लाडिस्लाओ वाय्डा याच्या दिग्दर्शनाखाली तो जर्मन बोलपट झाला आणि गाजला. हाइन्त्स र्‍यूमान हा लोकप्रिय नट त्यात मातेई होता. त्या चित्रपटात सापळा लागू पडतो, खुनी येतो आणि सापडतो. लोकशिक्षणाच्या चित्रपटाला दुसरा शेवट परवडणारा नव्हता, हे मान्य केले पाहिजे. पण लेखकाचे समाधान झाले नाही. त्याने तीच माणसे, तोच रस्ता, तीच मुलगी घेऊन कादंबरी लिहिली आणि खुन्याला येऊ दिले नाही. चित्रपटातला मातेई वीर आहे, कादंबरीतला मातेई वेडा. दोघांची बुद्धी तीच, धाडस तेच, मुलीच्या जिवाशी खेळलेला जुगार तोच. फरक केवळ एका माणसाच्या येण्या न येण्याचा, आणि ते येणे मातेईच्या हातात कधीच नव्हते.

पुढे १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी हाच प्रश्न शास्त्रीय भाषेत मांडला आणि त्याला नैतिक दैव असे नाव पडले. माणसाच्या हाती नसलेल्या गोष्टींवरून आपण त्याच्या कृत्याचे बरेवाईटपण ठरवतो, हे न्याय्य कसे? दारू पिऊन मोटार हाकणारे दोघे. एकाच्या वाटेत मूल आले, दुसऱ्याच्या आले नाही. दुसऱ्याला आपण दंड करून सोडतो, पहिल्याला तुरुंगात घालतो. दोघेही तेवढेच बेफिकीर होते.

माझ्या एका वकील स्नेह्यांशी या कादंबरीवरून माझा बराच वाद झाला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: ग्रिट्लीच्या आधी दोन मुली तशाच मारल्या गेल्या होत्या. खुनी मोकळा होता, सरकारी दफ्तरात प्रकरण बंद होते, कोणी हात हलवायला तयार नव्हते. मग मातेईने काय करायचे होते? चौथ्या मुलीची वाट पाहायची? "तुम्ही आनमारीचा विचार करता, कारण लेखकाने तुम्हाला तिचा चेहरा दाखवला," ते म्हणाले. "न दाखवलेल्या मुलींचे काय?" हा आक्षेप हलका नाही. मी त्यांना कान्ट ऐकवला, माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये असे १७८५ साली सांगणारा. त्यावर ते शांतपणे म्हणाले की वचन मोडू नये असे सांगणाराही तोच कान्ट आहे, तेव्हा तुमचा साक्षीदार दोन्ही बाजूंनी बोलतो.

तरीही मी माझ्या मताला चिकटून आहे. खुनी आला असता, सापडला असता, फासावर गेला असता, तरी मातेईने आनमारीवर अन्याय केलाच होता. तो अन्याय रानात झाला नाही. ज्या दिवशी त्याने तिच्या आईला केवळ मुलीच्या रूपासाठी कामावर ठेवले त्या दिवशी झाला. आईला सत्य सांगितले असते आणि तिने होकार दिला असता, तर? तर तिची स्थिती चांगुणेसारखी झाली असती, आणि चिलयाला तेव्हाही कोणी विचारले नव्हते. वचन देताना मातेईने आपल्या मोक्षाची शपथ घेतली. तो आपला आत्मा गहाण ठेवतो आहे असे आपल्याला वाटते. गहाण पडते ती दुसऱ्याची मुलगी. शब्दाला जागणारी माणसे थोर असतात हे खरे, परंतु त्यांच्या घरात राहणाऱ्यांना एकदा बोलते करायला हवे.

मातेई फळाची आशा न धरता कर्म करणारा आहे, असे कोणी म्हणेल. एकाने म्हटलेही. आपल्याकडे कोणत्याही चर्चेत गीता दहा मिनिटांत येतेच. पण त्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याकडे पाहा. त्याने फळाखेरीज दुसरे सगळे सोडले आहे.

कादंबरीच्या पहिल्या भागात, त्या पेट्रोलपंपावर, आनमारीही आपल्याला दिसते, पण तेव्हा आपण तिला ओळखत नाही. खानावळीत पेय आणून देणारी, वयाने कोवळी आणि चेहऱ्याने प्रौढ अशी एक मुलगी, एवढेच. पुस्तक संपल्यावर मी पहिले प्रकरण पुन्हा वाचले ते तिच्यासाठी. खुन्याचा वस्तरा तिला कधी लागला नाही. मातेईचा तर्क अचूक होता, तोही तिला लागला नाही. तिला लागली ती वाट पाहणाऱ्या मोठ्या माणसांची वर्षे.

मातेईविषयी माझ्या मनात राग नाही, हे विचित्र वाटेल. चुकीच्या मार्गाने का होईना, त्या आईचे शब्द गंभीरपणे घेणारा सगळ्या परगण्यात तो एकटाच. बाकीच्यांनी ग्रिट्लीला विसरून आपापले हात स्वच्छ ठेवले. यांपैकी बरे कोण, याचा निवाडा लेखक करत नाही, आणि आपण करायला गेलो तर दर वाचनाला तो बदलतो. २००१ साली शॉन पेनने या कादंबरीवरून अमेरिकेत चित्रपट काढला. त्यात जॅक निकल्सनने हा माणूस उभा केला आहे. तिथे खुनी सापडत नाही, एवढी निष्ठा त्या चित्रपटाने राखली. पण आधी पुस्तक वाचावे.

पुस्तक लहान आहे; एका रात्रीत होते आणि एका रात्रीतच वाचावे, मध्ये ठेवू नये. ज्यांच्या घरी सातआठ वर्षांचे मूल आहे त्यांना मी ते जरा बिचकत देतो, पण देतो. एकच सूचना करीन. अगदी शेवटी रुग्णालयात एक वृद्ध श्रीमंत बाई मरणाच्या दारात पडून पोलीसप्रमुखाशी बोलते. तिचे बोलणे लांबण लावल्यासारखे वाटते. ती घरातल्या बारीकसारीक गोष्टी सांगत बसते आणि मूळ विषयावर येतच नाही. रानातल्या पोलिसांसारखे तिथे घाईला येऊ नका. तिला बोलू द्या, मधले एकही वाक्य गाळू नका. ती आपल्या घरातल्या तरुण माणसाविषयी, त्याच्या खाण्यापिण्याविषयी आणि त्याने केलेल्या कामांविषयी ज्या साध्या, मायेच्या आवाजात सांगते, तो आवाज ऐकण्यासाठीच मी हे पुस्तक तिसऱ्यांदा वाचले.